ओढ्याकाठचा एकर विकू नका

चोलोल खोरे, पूर्व मांगराय,
फ्लोरेस, इंडोनेशिया
२४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा कामासाठी बोरोंगला, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या गावाला उतरलो तेव्हा फोनला रेंज मिळाली आणि दादाने पाठवलेला तुमचा निरोप ऐकला. मला इथे बाग घेता यावी म्हणून ओढ्याकाठचा एकर विकायचा विचार आहे आणि मामांनी गिऱ्हाईकही पाहून ठेवले आहे, हे ऐकल्यापासून मला चैन नाही. फोनवर अर्धे बोलणे तुटते, म्हणून सविस्तर लिहितो आहे. मी नोकरी करतो त्या केंद्रातले एक गृहस्थ पुढच्या आठवड्यात मुंबईला येत आहेत, त्यांच्याबरोबर हे पत्र पाठवतो. पत्र हाती पडेपर्यंत कोणाकडूनही इसार घेऊ नका, एवढी कळकळीची विनंती आधी करतो.

इथे जमीन स्वस्त आहे, हे मामांनी ऐकले ते खरे आहे. जूनमध्ये डोंगरातल्या रुतेंग शहराचा एक दलाल माझ्याकडे आला होता आणि कॉफी, लवंग व थोडे व्हॅनिला असलेली एक हेक्टर बाग आपल्या एका एकराच्या किमतीहून कमी पैशांत देतो म्हणाला. मी परदेशी असल्याने कागद गावातल्याच एका माणसाच्या नावावर राहील, त्याच्याकडून मला वेगळा करारनामा लिहून मिळेल आणि सगळे असेच करतात, हेही त्याने हसत सांगितले. बाबा, याच वाक्यापाशी मी थांबलो. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूळ जमीन कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी, जिला इथे ‘हाक मिलिक’ म्हणतात, फक्त या देशाच्या नागरिकालाच मिळते. त्याच कायद्याच्या सव्विसाव्या कलमात असे स्पष्ट लिहिले आहे की, परदेशी माणसाला आडमार्गाने मालकी देणारा व्यवहार मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे आपला एकर गेला असता, इथली बागही हाती लागली नसती आणि दाद मागायला मला तोंडही राहिले नसते.

सरळ मार्ग आहेत, पण ते आपल्या ऐपतीचे नाहीत किंवा आपल्या उपयोगाचे नाहीत. राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी माणसाला घरासाठी ‘हाक पाकाई’ म्हणजे वापराचा हक्क मिळू शकतो. तो आधी तीस वर्षांचा असतो, पुढे वीस वर्षे वाढवता येतो आणि नंतर आणखी तीस वर्षांसाठी नवा करून घेता येतो. पण अशा घराला सरकारने किमान किमतीची अट घातलेली आहे आणि आमच्या खोऱ्यातले एकही घर त्या किमतीचे नाही. शेती करायची तर परदेशी गुंतवणुकीची कंपनी काढावी लागते आणि तिच्यासाठी दहा अब्ज रुपियांहून अधिक, म्हणजे आपले पाच कोटींच्या वर, गुंतवणूक दाखवावी लागते. इतकेच नव्हे, तर खुद्द जाकार्ताच्या माणसालाही इथली शेतजमीन विकत घेऊन दूर बसून राहता येत नाही, कारण शेताचा मालक त्याच तालुक्यात राहणारा असावा असा नियम आहे. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हा कायदा तुम्हीच मला लहानपणी समजावून दिला होता, त्यामुळे यात तुम्हाला अन्याय वाटणार नाही अशी खात्री आहे. मला तर हा कायदा योग्यच वाटतो.

कागदाच्या अलीकडे आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला दोन वर्षे इथे राहिल्यावर कळली. मांगराय लोकांत जमीन आधी गावाची असते, मग कुळाची आणि शेवटी माणसाची. ‘गेन्दांग ओने, लिंगको पेआंग’ अशी त्यांची म्हण आहे. आत ढोल टांगलेले गावाचे मूळ घर आणि बाहेर गावाची जमीन, ही दोन्ही मिळून गाव होते, एकावाचून दुसरे नाही, असा तिचा अर्थ. माझे घरमालक, ज्यांना मी इथल्या रीतीप्रमाणे ‘एमा’ म्हणजे वडील म्हणून हाक मारतो, त्यांनी मला मागच्या वर्षी रुतेंगच्या पश्चिमेला चांचारच्या टेकडीवर नेले होते. खाली भाताची खाचरे कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल पसरलेली होती. पूर्वी ‘तुआ तेनो’ म्हणजे जमीन वाटून देणारा मानकरी मधोमध लाकडी खुंट रोवायचा आणि खुंटापाशी बोटांनी माप घालायचा. तिथून रेषा निघून थेट बाहेरच्या कडेपर्यंत जायच्या. एमांनी वाकून मातीत काडीने खूण केली, तिच्याजवळ आपली दोन बोटे टेकवली आणि म्हणाले, “इथे एवढे आणि कडेला गेल्यावर एका घराचे वर्षाचे भात.” ज्याचा मान आणि कुटुंब मोठे त्याला जास्त बोटे, पण खुंट सगळ्यांचा एकच. आपल्या भावकीत बांधावरून झालेली भांडणे मला त्या क्षणी आठवली आणि मी कितीतरी वेळ त्या दोन बोटांकडे पाहत राहिलो.

अशा जमिनीचा एक तुकडा दलालाने विकला तरी गाव तो विकलेला मानील, असे समजणे चूक आहे. शिवाय आमच्या खोऱ्यात बाग कुठे संपते आणि राखीव जंगल कुठे सुरू होते, हा वाद फार जुना आहे आणि त्याने माणसे गेली आहेत. सरकारने जंगलात आलेली म्हणून कॉफीची झाडे तोडली, काही शेतकऱ्यांना अटक झाली, त्यांना सोडवण्यासाठी १० मार्च २००४ रोजी गावकरी रुतेंगला गेले आणि तिथे पोलिसांच्या गोळीबारात सहा शेतकरी मरण पावले. त्या बुधवारबद्दल बोलताना आजही वयस्क माणसांचा आवाज खाली येतो. मला दाखवलेली बाग त्याच सीमेलगतची होती, हे मला एमांकडून कळले. दलालाने ते सांगितले नव्हते.

मामा म्हणतील की पर्यटन वाढते आहे, उद्या दहापट भाव येईल. किनाऱ्यावरच्या लाबुआन बाजो शहरात तसे झाले आहे, यात शंका नाही. कोमोडोचे महाकाय सरडे पाहायला जगभरातून माणसे येतात, विमानतळ वाढला, २०२३ च्या मे महिन्यात आग्नेय आशियातल्या आसियान देशांची शिखर परिषदही तिथे भरली. पण तिथून रुतेंग घाटाघाटाने चार तासांवर आणि रुतेंगहून आमचे गाव आणखी निम्मा दिवस, तोही ‘ओतो कोल’ नावाच्या, लाकडी बाकडी ठोकलेल्या ट्रकमधून, ज्यात माणसे, पोती आणि डुकरे एकत्र बसतात. किनाऱ्याचा भाव या डोंगरावर चढत नाही आणि चढला तरी तो मिळवण्याचा हक्क माझ्याकडे नसेल.

आता जे सांगतो ते आईलाही वाचून दाखवा. जुलैत तोडणी संपत आली असताना एमा मला वरच्या बागेत घेऊन गेले. त्यांचा धाकटा मुलगा कालिमांतानला, म्हणजे बोर्निओ बेटावर, पामच्या मळ्यावर कामाला गेला आहे. इथली बहुतेक तरुण मुले अशीच बाहेर आहेत. त्याच्या वाट्याची झाडे गवतात बुडालेली होती आणि पिकलेली लाल फळे तशीच गळून पडली होती. एमांनी ती एकेक करून टोपलीत वेचली आणि मग मला म्हणाले की कोंबडा आणि ताडी घेऊन आपण तुआ गोलोकडे, म्हणजे गावप्रमुखाकडे जाऊ, रीतीप्रमाणे जागा मागू आणि तू इथे घर बांध. बाहेरच्या माणसाला गावात सामावून घेण्याची ही त्यांची जुनी पद्धत आहे आणि तीत विक्री नसते, नाते असते. बाबा, इतका मान मला परक्या मुलखात कोणी देईल असे वाटले नव्हते, माझे डोळे भरून आले. तरीही मी नाही म्हणालो. माझा परवाना नोकरीबरोबर संपेल, मी निघून जाईन आणि त्यांचा मुलगा परत येईल तेव्हा त्याच्या बोटाएवढ्या वाट्यावर माझे घर उभे असेल, हे माझ्या मनाला पटले नाही. एमा काही वेळ बोलले नाहीत, मग त्यांनी टोपली माझ्या हातात दिली आणि आम्ही खाली आलो.

मी आहे ते घर आणखी तीन वर्षांसाठी भाड्याने घेतले असून करार नोटरीकडे केला आहे आणि भाडे तुआ गोलोंसमोर दिले आहे. दोन खोल्या, पत्र्याचे छप्पर, झऱ्याचे पाणी पाइपने येते. विजेचे पैसे आधी भरून मिळालेले आकडे मीटरवर दाबावे लागतात. रात्री थंडी महाबळेश्वरसारखी पडते. बोरोंगच्या बाजारात शेवग्याचा पाला मिळतो, त्याची भाजी आईसारखीच करतो, म्हणून तिने खाण्याची काळजी करू नये. पूर्वेकडच्या लेवोतोबी ज्वालामुखीच्या बातम्या तुमच्यापर्यंत येतात, पण तो बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

माझ्या शिल्लकीतून दर महिन्याला दादाकडे पाठवतो ते पैसे ओढ्याकाठच्या विहिरीचा गाळ काढण्यासाठी वापरावेत. आजोबांच्या नावावरून वारसनोंद अजून झाली नसेल तर तलाठ्याकडे एकदा जाऊन सातबारा पाहून घ्या आणि त्याचा फोटो दादाला मला पाठवायला सांगा. मामांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी माझ्या भल्यासाठीच खटपट केली, हे मी जाणतो. पत्राबरोबर वरच्या बागेतली अर्धा किलो कॉफी पाठवली आहे, ती एमांनी स्वतः चुलीवर भाजली आहे.

आईला साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक मुलगा,
बाळू