कराटेचं मूळ गाव पण कधीतरी छापा

संपादक साहेब, नमस्कार. कराटे म्हटलं की पेपरात बातमी एकच, अमुक क्लासच्या पोरांना इतकी मेडल्स आणि खाली ग्रुप फोटो. कधीतरी ओकिनावाबद्दल पण छापा ना, जिथून हे सगळं आलं. जपानच्या मुख्य बेटांपासून लांब दक्षिणेला, एकेकाळी रियुक्यूचं वेगळं राज्यच होतं ते, आणि शुरी, नाहा, तोमारी अशा जवळजवळच्या गावांत मोजकेच लोक गुपचूप शिकायचे. मग १९०१ च्या सुमारास तिथले कराटे गुरू इतोसू आन्को यांनी ते थेट शाळेतल्या पोरांना शिकवायला घेतलं आणि माझ्या मते खरी वाढ तिथूनच सुरू झाली, तिथलेच दुसरे गुरू फुनाकोशी १९२२ ला कराटे घेऊन टोकियोला गेले ते नंतरचं. आता तर तिथलं सरकारच मागे उभं आहे, २५ ऑक्टोबरला कराटे दिन करतात, २०१७ ला नाहाजवळ तोमिगुसुकूत मोठं कराटे काइकान (म्हणजे कराटे भवन) उघडलं, परदेशातून लोक शिकायला येतात. टोकियो ऑलिम्पिकमध्ये काताचं (ठरलेल्या हालचाली एकट्याने करून दाखवायचा प्रकार) गोल्ड घेणारा रियो कियुना तिथलाच, ओकिनावाच्या माणसाचं पहिलं ऑलिम्पिक गोल्ड (आपल्याकडे किती जणांना माहितीये देव जाणे). पॅरिसला तर खेळच काढून टाकला, पण ओकिनावात बरेच जण मेडलसाठी शिकतच नाहीत, सत्तरी ओलांडलेले लोकही डोजोत (कराटेच्या सरावाच्या हॉलमध्ये) सराव करतात. आणि आपल्याकडे काही क्लासमध्ये दर तीन-चार महिन्यांनी बेल्टची परीक्षा, तिची फी वेगळी, यावर पण एकदा लिहा की राव.

एक पालक, ठाणे