पंप उघडू नकोस, आधी गाडी उतारावर लाव

कोलशेत, ठाणे
१२ ऑक्टोबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ झोप लागली नाही. "मिस्त्री म्हणतो जीपचा डिझेल पंप गेलाय, पस्तीस हजार सांगतोय. नाहीतर देऊन टाकतो भंगारात," हे तू ज्या आवाजात बोललास तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. यंदाच्या जूनमध्ये मीही तसाच बोलत होतो. फोनवर सगळं सांगायला गेलो तर तुझी रेंज दोनदा गेली, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच, आणि तोवर पंपाच्या एकाही नटाला पाना लावू देऊ नकोस.

तुझ्या जीपची लक्षणं माझ्या शब्दांत सांगतो, चुकलं तर कळव. सकाळी पहिल्यांदा २०-२५ सेकंद सेल्फ मारावा लागतो. मग एकदोन सिलिंडर पकडतात, गाडी थरथरते, पांढऱ्या धुराचा लोट येतो, आणि मिनिटभरात सगळं सुरळीत. नंतर दिवसभर चावी फिरवली की लगेच चालू. हे शेवटचं तू घाईत सांगून टाकलंस, पण सगळी मेख तिथेच आहे. रोटरी पंप आतून झिजला की तो आधी गरम गाडीला त्रास देतो. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटींतून निसटतं, आणि सेल्फच्या कमी वेगात सिलिंडरात डिझेल फवारणारं नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. सकाळी पटकन लागते पण बाजारात अर्धा तास थांबली की लागत नाही, असं असतं तर मीही पंपावर संशय घेतला असता. तुझं नेमकं उलट आहे.

आता माझी हकीकत. जूनच्या पहिल्या पावसानंतर सकाळी गाडी आळस करू लागली. घोडबंदर रोडवरच्या एका गॅरेजात नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, दोनदा सेल्फ मारला आणि सांगितलं, पंप खोलावा लागेल, चारही नोझल कॅलिब्रेशनला द्यावी लागतील, अठ्ठावीस हजार. ना टाकीकडे पाहिलं, ना फिल्टरला हात लावला. मी घाबरून आधी बॅटरी बदलली. मग थंड सिलिंडर तापवणारे हीटर प्लग तपासले, त्यातले दोन खरंच मेले होते, तेही बदलले. २५ सेकंदांचे १५ झाले, आणि या थोड्याशा सुधारणेनेच मला आणखी महिनाभर भलत्या वाटेला ठेवलं.

मग जुलैत सोसायटीत रंगकाम निघालं. माझ्या जागेवर परांची बांधली आणि वॉचमनने गाडी रॅम्पवर लावायला सांगितली, तोंड खाली करून. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली आणि गाडी एका दमात चालू झाली. बाबा गॅलरीत चहा घेत उभे होते. वरून ओरडले, "आज लगेच लागली की रे!" अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना ऐकू कमी येतं, पण या इंजिनाचा आवाज मात्र अजून बरोबर ऐकू येतो. तिसऱ्या दिवशीही तेच. परांची निघाली, गाडी जागेवर गेली आणि दुखणं परत आलं. माझी जागा किंचित चढावर आहे, गाडीचं तोंड वर राहतं, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मग मुद्दाम वहीत लिहीत गेलो: तीन रात्री तोंड खाली, तीन रात्री तोंड वर. खाली असताना तीनही दिवस दोन सेकंदांत चालू, वर असताना तीनही दिवस रड.

दत्ता, बॅटरीला, हीटर प्लगला किंवा नोझलला गाडी कुठल्या तोंडाने उभी आहे याच्याशी काय देणंघेणं? उताराचा फरक पडतो तो एकाच गोष्टीला, टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपातल्या डिझेलला. आपल्या दोघांच्याही गाड्यांची टाकी मागे आहे. गाडीचं तोंड खाली असलं की टाकी वर येते आणि डिझेल आपसूक इंजिनाकडे भरलेलं राहतं. तोंड वर असलं की ते रात्रभरात मागे टाकीत उतरतं. अर्थात पाइप हवाबंद असेल तर उतरणार नाही. पेल्यातली स्ट्रॉ वरून बोटाने दाबून धरली की आतलं सरबत खाली येत नाही, तसंच हे. उतरतंय याचा अर्थ कुठूनतरी हवा आत शिरते आहे. सकाळचा तो लांबलचक सेल्फ म्हणजे टाकीतून डिझेल ओढणारा छोटा फीड पंप रिकामा पाइप पुन्हा भरत असतो, एवढंच.

मिस्त्री इथेच फसतात. ते गळती शोधतात म्हणजे खाली थेंब शोधतात. पण टाकी ते फीड पंप हा ओढीचा भाग. गाडी चालू असताना तिथे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे भेग पडली तरी डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली फरशी कोरडी ठणठणीत, आणि आत एअर. वागळे इस्टेटमध्ये एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांना वही दाखवली तर ते म्हणाले, "डिझेल गाडी में पहले हवा ढूँढो, बाद में पैसा निकालो." मला पुढची परीक्षा त्यांनीच सांगितली.

ती परीक्षा तूही करायचीस. एका स्वच्छ बाटलीत लिटरभर डिझेल घेऊन ती बॉनेटच्या कडेला, पंपापेक्षा उंच टांगायची. फीड पंपाकडे येणारा पाइप सोडवून त्या जागी बाटलीतली नळी जोडायची आणि टाकीकडचं तोंड बुच मारून बंद करायचं. परतीचा पाइप टाकीलाच राहू दे. मग फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमरने, म्हणजे हाताने दाबायच्या छोट्या पंपाने, डिझेल मारायचं. आधी फसफसतं, मग बुडबुडे, मग सलग डिझेल येतं. तेव्हाच स्क्रू आवळायचा. रात्रभर गाडी तोंड वर करून तशीच ठेवायची आणि सकाळी सेल्फ मारायचा. लगेच लागली तर पंप, नोझल, हीटर सगळे निर्दोष, दोष बाटलीच्या मागे. नाही लागली तर दोष पुढच्या भागात: फिल्टरचं रबर, बँजो बोल्टखालचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वॉशर, नोझलवरून परत येणाऱ्या त्या बारीक कापडी नळ्या. त्या नळ्या दिसायला धडधाकट आणि हाताला भुसभुशीत असतात, त्यांच्यातूनही एअर शिरते. माझी सकाळी दोन सेकंदांत लागली. मी तिथेच पार्किंगमध्ये खाली बसलो, इतकं बरं वाटलं.

मग टाकीचा पाइप परत जोडला, पण फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी घातली. इंजिन चालू केलं आणि टॉर्चच्या उजेडात पाहिलं. पिवळसर डिझेलमधून साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागोमाग पंपात चालले होते. एक जाई, थोडा थांबून दुसरा येई. महिनाभर ज्याला पंप समजत होतो ते माझ्या डोळ्यांसमोरून वाहत होतं.

जागा सापडली वर्तमानपत्रामुळे. गाडी मुद्दाम रॅम्पवर तोंड खाली करून लावली आणि टाकीपासून पुढे इंजिनापर्यंत खाली जुनी पानं पसरली. ओढीच्या भागातली भेग एरवी हवा आत घेते, पण टाकी वर असली की तीच भेग डिझेल बाहेर सोडते. सकाळी एका पानावर रुपयाएवढा तेलकट डाग होता, टाकीच्या जरा पुढे. तिथे टाकीच्या नळीला लोखंडी पाइपाशी जोडणारा चार इंचांचा रबरी तुकडा आहे. वरून काळा, धूळ चिकटलेला, धड दिसणारा. क्लिप सोडवून तो बोटांत वाकवला मात्र, खालच्या अंगाला भेगा उघडल्या, थंडीत टाचांना पडतात तशा. १९९६ ची गाडी, तुकडा बहुधा तेव्हाचाच. नवा डिझेलचा होज, दोन क्लिपा आणि चार तांब्याचे वॉशर मिळून साडेतीनशे रुपये झाले. त्याला आता तीन महिने होत आले. गाडी चढावर, उतारावर, कुठेही लाव, सकाळी दोन सेकंदांत लागते.

चाचांचं आणखी एक म्हणणं मला पटलं. १ एप्रिल २०२० पासून देशभर प्रदूषणाच्या नव्या नियमांचं बीएस-६ इंधन आलं आणि डिझेलमधलं गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आलं. ते चांगलंच झालं. पण जुनं रबर ज्या डिझेलात वर्षानुवर्षं फुगून बसलेलं असतं, त्याची घडण बदलली की ते आकसतं. म्हणून इतक्या जुन्या गाडीचं सगळं रबर एकदा बदलून घ्यावं, एकेक तुकडा फुटायची वाट पाहू नये. पारदर्शक नळी मात्र परीक्षेपुरतीच. ती कडक होऊन तडकते, कायमची ठेवू नकोस. आणि पाण्याची नळी कुणी दिली तर घेऊच नकोस.

तुझ्याकडचा पाऊस आमच्यापेक्षा जास्त, त्यामुळे पाणीही बघ. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पहिलं कपभर डिझेल काचेच्या ग्लासात घे आणि दहा मिनिटं ठेव. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. काळं, शेवाळासारखं काही आलं तर टाकी उतरवून धुवावी लागेल.

सेल्फ मारताना वहिनींना मागे उभं करून धुराकडे लक्ष ठेवायला सांग. सेल्फ फिरतोय आणि धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येतोय पण पेट घेत नाही, म्हणजे डिझेल पोचतंय पण गरमी कमी पडते. तेव्हा हीटर प्लग आणि कॉम्प्रेशनकडे बघायचं. तुझा पांढरा लोट गाडी लागता लागता येतो. त्याआधीच्या वीस सेकंदांत काय दिसतं ते मला हवंय.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नकोस. गाडी लागावी म्हणून एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे कुणालाही मारू देऊ नकोस. हीटर प्लगवाल्या इंजिनात तो भलत्या वेळी पेटतो, रिंगा तुटतात, पिस्टन फुटतो. आणि नोझलचा नट सैल करून एअर काढताना फवाऱ्यापुढे बोट नेऊ नकोस. नोझल शंभराहून जास्त बारला उघडतं. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसलं तर छोटा ठिपका दिसतो आणि बोट गमवायची पाळी येते. सेल्फही एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट दम घेऊ दे त्याला.

पंपाबद्दल एवढं का सांगतोय तेही लिहितो. असे पंप बनवणारी मायको कंपनी १९५१ मध्ये सुरू झाली, २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं, पण गॅरेजात आजही सगळे मायको पंपच म्हणतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या तो चाललाय. त्याच्या आतल्या भागांतली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात, आणि त्याला वंगण म्हणून डिझेलच असतं. धुळीच्या टेबलावर, चिंधीने पुसत उघडलेला चांगला पंप पुन्हा तसाच बसेल याची खात्री नाही. तुझ्या मिस्त्रीला वाईट म्हणत नाही, पण त्याने अजून काहीच तपासलेलं नाही.

आणि भंगाराचं म्हणशील तर ते मनातून काढून टाक. हीच जीप माळशेज चढून आपल्याला खिरेश्वरला घेऊन गेली होती, चिखलात पुढची चाकं जोडून बाहेर आली होती. बाबांना मागे बसवलं होतं, ते अजून त्या दिवसाबद्दल बोलतात. चार इंचांच्या रबरासाठी ती जाऊ द्यायची नाही.

मी शुक्रवारी रात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकडून येतोय, सकाळी चिपळूणला उतरेन. पाना, क्लिपा, वॉशर, दोन मीटर होज आणि पारदर्शक नळी मी आणतो. तू फक्त शुक्रवारी संध्याकाळी गाडी गोठ्यासमोरच्या चढावर तोंड वर करून लाव आणि मी येईपर्यंत चालू करू नकोस, सकाळचा पहिला सेल्फ मला स्वतः ऐकायचाय. आणि एक बाटली लागेल. कोकमाची चालेल, पण धुऊन दोन दिवस उन्हात वाळव. आत पाण्याचा थेंबही राहता कामा नये.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनय