रंग न लावता रंगलेली काच

ताळगाव, गोवा
श्रावण

प्रिय विनय,

फोनवर तुझा प्रश्न अर्धाच राहिला: रंगद्रव्य नसताना काचेवर हिरवा रंग येतो कुठून? येतो तो सिलिकाच्या गोळ्यांच्या रचनेतून. सुमारे २५० नॅनोमीटर व्यासाचे एकसारखे गोळे थरावर थर नीट बसले, की त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशात ठरावीक लांबीच्याच लहरी एकमेकींना बळ देतात. २५० ला हिरवा, ३०० च्या आसपास तांबडा. काच तिरपी धरली की रंग निळ्याकडे सरकतो. ओपल रत्नाचंही हेच. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले गोळे दिसले.

पण मला वेड लावलंय ते गोळे आपणहून रांगेत बसतात याने. गोळे मिसळलेल्या पाण्यात किंवा इथेनॉलमध्ये स्वच्छ धुतलेली काच उभी ठेवायची आणि थांबायचं. काचेवर किंचित चढलेल्या द्रवाच्या कडेला बाष्पीभवन सर्वांत जोरात होतं. तिथली तूट भरायला खालून द्रव येतो, त्याच्यासोबत गोळेही येतात. द्रवाची जाडी गोळ्यापेक्षा कमी झाली की पृष्ठताण त्यांना जवळ खेचतो आणि षटकोनी मांडणी घट्ट बसते. काच फिरवून थर चढवला तर काम मिनिटांत उरकतं, तरी मला हा संथ मार्गच खरा वाटतो.

खरी मेहनत गोळे बनवण्यात. १९६८ ची श्टोबर पद्धत वापरतो: टीईओएस (ज्यातून सिलिका तयार होते ते द्रव रसायन), इथेनॉल, पाणी, अमोनिया. आकारात पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला तर मांडणी विस्कटते. फार मोठे गोळे कडेपर्यंत येण्याआधीच तळाशी बसतात.

आणि आपला पाऊस! मिठागरं जशी या दिवसांत थांबतात, तसंच इथे: दमट हवेत पाणी सुटतच नाही. म्हणून सगळं ओव्हनमध्ये, स्थिर तापमानाला. सुकताना थर आकसतो, पण तळाशी काचेला धरून असतो, म्हणून भेगा पडतात. त्या पूर्ण टाळणं अजून अवघडच आहे.

तुमच्या कारखान्यात आर्द्रता नियंत्रित करणारी पेटी आहे म्हणालास. तिच्यात एक काच सुकवून बघता येईल का, विचारून ठेव. चतुर्थीला येशील तेव्हा गोळ्यांची बाटली तुझ्याकडे देतो.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
प्रसाद