तरण तलाव देखभालीच्या वार्षिक करारातील गंभीर त्रुटींबाबत तक्रार

दि. १४ मे २०२४
ता. अलिबाग, जि. रायगड

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पंपघरातील धोकादायक रसायनसाठा, बिघडलेले पाणी आणि चुकीच्या नोंदी

महोदय,

तातडीचे ते आधी लिहिते. आमच्या पंपघरात आपल्या कर्मचाऱ्याने ट्रायक्लोरच्या गोळ्यांचा डबा आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची उघडी पिशवी एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवली आहे. दोन्ही रसायने काढायला मगही एकच आहे. त्याच्या तळाशी ओलसर भुकटी चिकटलेली मी स्वतः पाहिली. दोन्ही क्लोरीनचीच रसायने असली तरी ती एकमेकांत मिसळली आणि त्यात पाण्याचे चार थेंब पडले, तर पेट घेऊ शकतात, स्फोट होऊ शकतो, विषारी वायू सुटतो. त्याच फळीखाली हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे कॅन आहेत. मी पंपघराला कुलूप लावले आहे आणि घरातल्या कोणालाही आत जाऊ देत नाही. हे पत्र मिळताच जाणकार माणूस पाठवून हा साठा हलवावा.

यात आमच्याकडे येणाऱ्या मुलाला बळीचा बकरा करू नका. त्याच्याकडे हातमोजे नाहीत, डोळ्यांना चष्मा नाही. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "ताई, ऑफिसातून देतात तेच मी टाकतो." काय कशात मिसळू नये हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. कामाची चूक असेल तर ती त्याला शिकवायची जबाबदारी असलेल्यांची आहे.

आता पाण्याविषयी. आमचा स्विमिंग पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल आहे, म्हणजे जवळपास ४५ हजार लिटर पाणी. आईचे गुडघे दुखतात. पाण्यात चालण्याचा व्यायाम तिला मानवतो, म्हणून पूल बांधला. पाणी ताजे भरून दिवाळीत आपल्याशी वार्षिक करार केला आणि पूर्ण रक्कम आगाऊ दिली. मार्चअखेर पाण्याला हिरवट झाक आली. आज काठावरून तळाची जाळी दिसत नाही. पाण्यात उतरले की डोळे चुरचुरतात, म्हणून आईचा व्यायाम बंद पडला आहे. या काळात आपल्या पर्यवेक्षकांनी आधी शॉक, म्हणजे क्लोरीनचा एकदम मोठा डोस, दिला, मग शेवाळनाशकाची बाटली दिली, मग त्याच कामासाठी दुसरी. प्रत्येकाचे बिल करारापेक्षा वेगळे.

आपल्या नोंदवहीत मात्र दर आठवड्याला "क्लोरीन १.५, पीएच ७.४" असेच लिहिले आहे. सलग पाने एकाच शाईत भरलेली आहेत. होळीला आपला माणूस आलाच नव्हता, त्या दिवशीचीही नोंद आहे. क्लोरीन तपासला जातो तो पिवळा रंग दाखवणाऱ्या थेंबांनी. त्या चाचणीत एकूण क्लोरीन कळतो. जंतू आणि शेवाळ मारणारा मुक्त क्लोरीन किती, हे कळत नाही. क्लोरीन जागेवरच तपासावा लागतो म्हणून मी गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी काठावर करून घेतली. एकूण क्लोरीन २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) भरला, पण त्यातला मुक्त अवघा ०.५. उरलेला दीड घाम आणि मळ यांच्याशी जुळून निकामी झालेला. डोळे चुरचुरतात आणि नाकात उग्र वास भरतो तो याच जुळलेल्या क्लोरीनमुळे. आपले पर्यवेक्षक तो वास घेऊन म्हणाले, "बघा मॅडम, क्लोरीन भरपूर आहे."

बाकीचा नमुना मी पुण्यातल्या प्रयोगशाळेत पाठवला. पीएच ६.७, तांबे ०.८ पीपीएम आणि सायन्युरिक अ‍ॅसिड १८० पीपीएम. माझ्या तक्रारीचे मूळ या शेवटच्या आकड्यात आहे.

सायन्युरिक अ‍ॅसिड, म्हणजे आपल्या भाषेत स्टॅबिलायझर, मुळात उपयोगाचे. ते नसेल तर भर उन्हात क्लोरीन काही तासांतच उडून जातो. ३० ते ५० पीपीएम पुरते. पण ट्रायक्लोरच्या प्रत्येक गोळीतून क्लोरीनबरोबर तेही पाण्यात उतरते. क्लोरीन खर्च होतो, सायन्युरिक मागे राहते. ते उन्हाने उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही. २०० ग्रॅमची एक गोळी आमच्या पुलात सुमारे ४ पीपीएम क्लोरीन आणि जवळपास अडीच पीपीएम सायन्युरिक सोडते. आठवड्याला चार गोळ्या म्हणजे आठवड्याला दहा. बॅकवॉशमध्ये, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना, थोडे बाहेर गेले असेल. तरी दिवाळीपासून धरले तर १८० कुठून आले ते सहज समजते. आणि ते इतके साचले की क्लोरीन त्याच्याशी बांधला जातो. तिजोरीत पैसे आहेत पण किल्ली हरवली, अशी गत. मुक्त क्लोरीन सायन्युरिकच्या साडेसात टक्क्यांच्या आसपास ठेवावा, तर शेवाळ आटोक्यात राहते, असा हिशोब पूलवाले धरतात. १८० ला तो साडेतेरा पीपीएम होतो. आपण ठेवलात अवघा अर्धा पीपीएम.

हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. पाण्यात मेलामाइनचे द्रावण घातले की ते दुधाळ होते. नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ते ओतायचे आणि आकडा वाचायचा. काही मिनिटांचे काम. आपल्या वहीत त्यासाठी रकानाच नाही. पीएच स्थिर ठेवणाऱ्या अल्कलिनिटीलाही नाही. ट्रायक्लोर आम्लधर्मी असल्याने पीएच घसरला आणि टाइल्समधले ग्राउट झिजून हाताला वाळूसारखे लागते. शेवाळनाशक म्हणून दिलेल्या बाटल्यांत मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, होते, हे लेबल वाचल्यावर समजले. पायऱ्यांवरचे निळसर हिरवे डाग त्याचे आहेत. फिल्टरचा प्रेशर गेज बंद पडला आहे. दाब नेहमीपेक्षा ८ ते १० पीएसआय वाढला की बॅकवॉश घ्यावा, असे आपल्याच माहितीपत्रकात छापले आहे; गेज बंद असताना ते पाळणार कसे?

हा अहवाल दाखवल्यावर पर्यवेक्षकांनी फोनवर सांगितले, "सगळे पाणी सोडून द्या, चार टँकर मागवा, प्रश्न मिटला." टँकर अर्थातच आमच्या खर्चाने. हे ऐकून मला फार वाईट वाटले. मे महिना आहे. आमच्या वाडीतल्या विहिरी तळाला गेल्या आहेत, बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या असतात. त्याच रस्त्याने माझ्या पुलासाठी टँकर आणणे मला मान्य नाही, मग पैसे कोणीही देवोत.

सायन्युरिक उतरवायला पाणी बदलण्यावाचून दुसरा भरवशाचा मार्ग नाही, हे मला ठाऊक आहे. पण आमच्याकडे पावसाळ्यात दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. मृग लागल्यावर पुलातले पाणी एक फूट कमी करायचे आणि पावसाने भरू द्यायचे. असे सहा वेळा केले की सायन्युरिक पाव हिश्श्यावर, म्हणजे ४० ते ४५ वर येते. पूल एकदम रिकामा मात्र करू नये. पावसाळ्यात आमच्या जमिनीतले पाणी वर येते आणि रिकाम्या टाकीला खालून उचलते, तळ फुटतो. आपल्या पर्यवेक्षकांना हे सांगावे लागले, याची नोंद घ्यावी.

तेव्हा मागणी अशी की, पाऊस येईपर्यंत पूल दाट ताडपत्रीने झाकून उजेड तोडावा, भोवती तात्पुरते कुंपण घालावे, पंप रोज चालवावा. गोळ्या आजपासून बंद. पीएच आताच वर चढवू नये, नाहीतर पाण्यातले सगळे तांबे टाइल्सवर बसेल. जुलैअखेर सायन्युरिक निम्म्यावर आले की सोडियम हायपोक्लोराइटने शेवाळ मारून, तळाचा गाळ फिल्टरमधून न नेता थेट बाहेर काढावा. सोडलेले पाणी शोषखड्ड्यात जावे, शेजारच्या तळ्यात नाही. तांबे माशांना घातक असते. पावसाचे पाणी अगदी मऊ, म्हणून शेवटी खाण्याचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड घालून अल्कलिनिटी ८० ते १२० आणि हार्डनेस २०० च्या वर आणून द्यावी. हे सर्व काम, नवा गेज आणि ग्राउटची दुरुस्ती आपल्या खर्चाने. शेवाळनाशक आणि शॉकची वेगळी बिले परत करावीत, आणि पूल वापरता आला नाही तेवढा काळ करार पुढे वाढवून द्यावा. यापुढे प्रत्येक मोजमाप माझ्या किंवा घरच्या कोणाच्या समोर व्हावे आणि वहीत आमची सही असावी.

प्रयोगशाळेचा अहवाल, नोंदवहीच्या पानांच्या प्रती, बाटलीचे लेबल आणि पंपघराची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे. न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल अलिबाग येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.

कळावे,
आपली करारधारक ग्राहक