उतरलेली पट्टी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तू तंबोऱ्यावर गवसणी घातलीस ती अजून काढलेली नाहीस, असे आईकडून कळले, म्हणून आज अमेरिकेतील कंट्री आणि लोकगीतांचे गायक जॉन प्राइन यांच्याविषयी लिहीत आहे.

त्यांचा जन्म १९४६ सालचा, शिकागोजवळच्या मेवूडचा. तरुणपणी ते घरोघर टपाल वाटत आणि गाणी त्या पायपिटीतच जुळवीत. बोचऱ्या वाऱ्यात आडोसा हवा म्हणून रस्त्यावरच्या टपालाच्या मोठ्या पेटीत शिरून बसत, तिथेच सँडविच खात आणि ओळी रचत. १९७१ साली पहिली ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा वय पंचविशीच्या आसपास होते, तरी म्हातारपणीचे एकटेपण आणि युद्धावरून व्यसन घेऊन परतलेला सैनिक त्यांनी जवळून पाहिल्यासारखा गायला. केंटकीतील पॅराडाइज हे आईवडिलांकडचे गाव कोळशाच्या उघड्या खाणींपायी उजाड झाले, त्याचे गाणे त्यांनी खास वडिलांसाठी रचले. पुढे मोठ्या कंपन्या सोडून त्यांनी स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी काढली.

१९९८ साली मानेला कर्करोग झाला. शस्त्रक्रियेत मानेचा भाग काढावा लागला, आवाज खाली उतरला आणि कायमचा खरखरीत झाला. प्राइन यांनी जुन्या गाण्यांच्या पट्ट्या, म्हणजे ज्या स्वरापासून गायचे ते मूळ स्वर, खाली आणल्या, आणि तीच गाणी आपल्याला पुन्हा नवी वाटू लागली, असे ते सांगत. तरुणपणीचा स्वतःचा आवाज त्यांना ऐकवत नसे. हा नवा मात्र आवडू लागला. मला स्वतःला त्यांची उत्तरार्धातलीच गाणी अधिक खरी वाटतात, कारण तिथे शब्द सुरावर तरंगत नाहीत, त्यात मुरतात.

२०१३ साली फुफ्फुसाचा कर्करोग निघाला. त्यानंतर ते जिने चढून-उतरून दम लागला की लगेच गिटार उचलीत आणि धापा टाकतच गात, म्हणजे उरलेल्या श्वासाला सवय व्हावी. २०१८ साली, तेरा वर्षांनी, नव्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका आली आणि ती अमेरिकेच्या विक्रीयादीत पाचव्या स्थानावर पोहोचली. इतकी वर त्यांची कोणतीच ध्वनिमुद्रिका गेली नव्हती. ७ एप्रिल २०२० रोजी कोरोनाने ते गेले.

तू सुट्टीत येशील तोवर घरचा तंबोरा काळी चार या वरच्या पट्टीवरून उतरवून पांढरी चार या खालच्या पट्टीला लावून ठेवतो.

तुझे,
बाबा