बाबांची जखम आणि आपला हिरडा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आई म्हणाली की बाबांच्या टाचेची जखम ती रोज बाळहिरड्याच्या काढ्यानं धुते, आणि जुन्नरला ड्रेसिंगला जायचं आता बंद केलंय. पुढचं बोलायच्या आत रेंज गेली. म्हणून हे लिहून मामाच्या हाती पाठवते आहे. बाबा, पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि मधलं काही गाळू नका.

आधी कामाचं सांगते. काढा आजपासून थांबवा आणि ड्रेसिंग उद्यापासून पुन्हा सुरू करा. असं का, ते पुढे नीट लिहिते. "डॉक्टर सांगतात म्हणून" एवढ्यावर आई ऐकणारी नाही, आणि तिनं ऐकूही नये. हिरड्याचं झाड तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. बाळहिरडा कधी काढायचा, किती वाळवायचा, कुठला किडका, हे सगळं मी तिच्याकडूनच शिकले.

घागर दोन दिवस घासली नाही की आतून बुळबुळीत लागते. तो बुळबुळीत थर म्हणजे जंतूंची वस्तीच असते. पाण्यात सुटे फिरणारे जंतू एखाद्या पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती साखरेचे, प्रथिनांचे चिकट धागे सोडतात. मग त्या चिकट्यात वाढत राहतात. आम्ही त्याला बायोफिल्म म्हणतो, या पत्रात नुसतं थर म्हणते. सुटा जंतू जेवढ्या औषधानं मरतो, त्याच्या शेकडो पट औषध दिलं तरी थरातले जंतू टिकून राहू शकतात. काही औषधं चिकट्यातच अडकतात. शिवाय तळाचे जंतू जवळजवळ निजलेले असतात, आणि बरीचशी औषधं वाढत्या जंतूवरच चालतात.

हे फार पूर्वी दिसलेलं आहे. हॉलंडमध्ये लेव्हेनहुक नावाचा कापडाचा व्यापारी होता, स्वतः भिंगं घासून सूक्ष्मदर्शक बनवायचा. 1683 च्या सुमारास त्यानं स्वतःच्या दातांवरचा कीट भिंगाखाली पाहिला, तर त्यात जीव वळवळत होते. व्हिनेगरनं दात धुऊन पाहिले, तेव्हा कीटाच्या बाहेरच्या बाजूचे तेवढे मेले, आतले तसेच राहिले. मला ही नोंद फार आवडते. आमची सगळी खटपट अजून त्या आतल्यांसाठीच चालली आहे.

आता माझं काम. तुम्ही पाठवलेला बाळहिरडा दळून मी अल्कोहोलमध्ये भिजवते, गाळते आणि अल्कोहोल उडवून टाकते. खाली तपकिरी अर्क उरतो. मग 96 खळग्यांची एक प्लास्टिकची ताटली असते, प्रत्येक खळगा करंगळीच्या नखाएवढा. त्यात जंतू, त्यांचं खाद्य आणि अर्काचं कमीजास्त प्रमाण घालून ताटली 37 अंशांवर रात्रभर ठेवायची. सकाळी सुटे जंतू धुऊन टाकायचे आणि जांभळा रंग घालायचा. क्रिस्टल व्हायोलेट म्हणतात त्याला. थर असेल तिथे रंग धरतो, नसेल तिथे धुऊन जातो. मग तो रंग ॲसेटिक ॲसिडमध्ये सोडवून यंत्रावर मोजायचा. मी वापरते त्या जंतूचं नाव स्यूडोमोनास. त्याचा जो वाण जगभरच्या प्रयोगशाळांत आहे, तो 1950 च्या दशकात मेलबर्नमधल्या एका रुग्णाच्या जखमेतून मिळालेला. ताटली उघडली की द्राक्षांसारखा गोडसर वास येतो, खाद्य हिरवं झालेलं असतं. आई, जखमेच्या कापडावर कधी असा हिरवा डाग दिसला किंवा असा वास आला, तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.

हिरड्याच्या अर्कानं जांभळा रंग खूप उतरला, हे मी तुम्हांला आनंदानं सांगितलं होतं, आणि ते खरंच आहे. पण रंग उतरण्याची कारणं एकाहून जास्त असतात, आणि खरं काम तिथून पुढे सुरू होतं. अर्क जास्त घातला की जंतूच कमी वाढतात, मग थरही कमी होणारच. त्याला थर रोखला असं म्हणता येत नाही. म्हणून जंतूंची वाढ वेगळी मोजायची, आणि वाढ पुरेपूर होऊनही थर कमी झाला, तर ते महत्त्वाचं. ते आम्हांला कमी प्रमाणातही दिसलं. पण हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. हिरडा चावला की तोंड आखडतं, ते त्यामुळेच. टॅनिन प्रथिनांना धरतं, त्यामुळे ते जंतूंचं खाद्यही पकडून बसतं आणि प्लास्टिकवरही बसतं. म्हणून टॅनिन काढून उरलेला अर्क पुन्हा तपासला, तर गुण बराच ओसरला. म्हणजे जो परिणाम दिसत होता तो बहुतेक टॅनिनचाच.

आणि आई, सगळ्यात मोठी गोष्ट पुढे आहे. हा अर्क जंतूंबरोबर पहिल्यापासून घातला तर थर बसत नाही. पण थर आधी दिवसभर बसू दिला आणि मग अर्क घातला, तर फारसा फरक पडत नाही. बसू न देणं वेगळं आणि बसलेला उठवणं वेगळं. बाबांच्या टाचेला आता महिने झाले. अशा न भरणाऱ्या जखमांवरच्या अभ्यासांचा एक आढावा 2017 मध्ये निघाला, त्यात सुमारे 78 टक्के जखमांत हा थर सापडला होता. बाबांच्या जखमेतही तो असणार असं धरूनच चालायला हवं. ड्रेसिंगच्या वेळी सिस्टर मेलेली कातडी खरवडतात, ते बघून तुझ्या पोटात कालवतं, मला माहीत आहे. पण थर असाच निघतो. निघाल्यावर तो दोन-तीन दिवसांत पुन्हा बसू लागतो, म्हणून पुढची तारीख चुकवायची नाही.

काढ्याची मला दोन कारणांनी भीती वाटते. साखरेमुळे बाबांच्या पायाची जाणीव गेली आहे. काढा तुझ्या हाताला कोमट लागत असेल, तरी पाय भाजला तर बाबांना कळणारच नाही. दुसरं म्हणजे, अंगणात वाळवलेल्या हिरड्यावर मातीतल्या जंतूंचे बीजाणू असतात, आणि त्यांतले काही नुसत्या उकळण्यानं मरत नाहीत. प्रयोगशाळेत मी अर्क बारीक गाळणीतून निर्जंतुक करून घेते. घरी ती सोय नाही.

यातून हिरडा वाया गेला असं समजू नका. अमेरिकेत एमरी विद्यापीठात कॅसांड्रा क्वेव्ह नावाच्या शास्त्रज्ञ आहेत. लहानपणी त्यांचा एक पाय कापावा लागला आणि नंतर तिथेच जंतुसंसर्ग झाला. इटलीतल्या खेड्यांत लोक त्वचेच्या तक्रारींवर चेस्टनटची पानं वापरतात, हे त्यांनी गावोगाव विचारून नोंदवलं. 2015 मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं की त्या पानांचा अर्क स्टॅफ या त्वचेवर संसर्ग करणाऱ्या जंतूला मारत नाही, पण जंतूंची आपसातली रासायनिक बोली बंद पाडतो, आणि मग ते विष सोडत नाहीत. उंदरांच्या कातडीवरही त्यांना फायदा दिसला. आजीसारख्या बायकांच्या सांगण्यातून सुरू झालेलं काम इथवर पोचतं, आणि आपल्या घाटमाथ्यावरच्या झाडाचंही तितक्याच कसोशीनं व्हावं असं मला मनापासून वाटतं. मधल्या तपासणीच्या पायऱ्या गाळून "हिरड्यानं जखम बरी होते" असं कुणी छापलं, तर आपल्याच माणसांचे पाय जातील.

बाबा, तंबाखू बंद करा. ती पायाचा रक्तपुरवठा आखडते. रोज संध्याकाळी आईनं उजेडात दोन्ही तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्यांतही. लाली वर चढली, पू आला, कातडी काळी पडली किंवा ताप आला, तर रात्र काढायची नाही. अनवाणी परड्यातसुद्धा जायचं नाही. साखरेची गोळी उपवासाच्या दिवशी कशी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून घ्या, मनानं बंद करू नका. जाण्यायेण्याचे पैसे मी दादाकडे पाठवले आहेत.

आणि एक काम. झाडाची ओळख बोटॅनिकल सर्व्हेच्या पुण्यातल्या कार्यालयातून पक्की करून घ्यायची आहे, त्यासाठी पानांसकट एक डहाळी लागेल. 2020 च्या निसर्ग वादळात अर्धं मोडलेलं झाड नको, बांधावरच्या धड झाडाची द्या. फुलोरा असेल तर उत्तम. वर्तमानपत्राच्या घडीत दाबून, वर वजन ठेवून वाळवा, आणि कागद रोज बदला. मामा परत येईल तेव्हा त्याच्याबरोबर पाठवा.

तुमची,
सुमी