क्रियापद आधी, बाकीचं मागाहून

रामबाग, इंदूर

प्रिय मैथिली,
अनेक आशीर्वाद.

हिंजवडीच्या कंपनीत अकाउंट्स पेएबलच्या जागेसाठी बोलावणं आलंय आणि मुलाखत पूर्ण इंग्रजीत आहे, असं काल फोनवर सांगितलंस. मग म्हणालीस, "मला काम सगळं येतं, पण इंग्रजीत तोंडच उघडत नाही." हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. शांतपणे वाच, आणि जे करायला सांगितलंय ते मोठ्याने बोलून कर. नुसतं वाचून यातलं काही उपयोगी पडणार नाही.

तू नेमकी कुठे अडतेस ते आधी पाहू. शाळा-कॉलेज हिंदी माध्यमातून, घरात मराठी. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं. मनात वाक्य तयार होतं ते असं : "पिछले महीने एक वेंडर का बिल, जिसमें जीएसटी गलत लगा था, मैंने वापस भेजा." तू ते त्याच क्रमाने इंग्रजीत उतरवायला जातेस. "लास्ट मंथ, वन व्हेंडर बिल, इन विच जीएसटी..." इथवर येतेस आणि थांबतेस, कारण कोणी काय केलं हे अजून आलेलंच नसतं, आणि आता ते बसवायला जागाही राहिलेली नसते. समोरच्याला वाटतं हिला शब्द सापडत नाहीत. शब्द सगळे तुझ्याकडे असतात, रांग उलटी लागलेली असते.

म्हणून पहिले दोन शब्द ठरलेले ठेव : कोण, आणि काय केलं. "आय रिटर्न्ड अ बिल लास्ट मंथ. द जीएसटी ऑन इट वॉज राँग." दोन वाक्यं, मध्ये पूर्णविराम. "जिसमें", "जो", "ताकि" मनात आलं की तिथे वाक्य तोडायचं आणि नवं सुरू करायचं. दहा-बारा शब्दांच्या वर वाक्य जाऊ द्यायचं नाही. लहान वाक्यं बोलणारा माणूस कच्चा वाटत नाही, उलट त्याचं काम स्वच्छ आहे असं वाटतं. रोज संध्याकाळी त्या दिवशी ऑफिसात केलेल्या कामाची वीस वाक्यं मोठ्याने म्हण, प्रत्येक "आय" आणि लगेच क्रियापद अशी : आय चेक्ड, आय पोस्टेड, आय मॅच्ड, आय कॉल्ड. लिहून काढू नकोस. लिहिलंस की पुन्हा भाषांतर सुरू होईल.

त्या "आय"बद्दलही सांगते. आपल्या माळव्यात "अपन ने कर दिया" म्हणायची सवय आहे, आणि एकटीने केलेलं कामही "हमने" म्हणून सांगतात. इंग्रजीत त्याचं "वी डिड" होतं. मुलाखत घेणाऱ्याला कळत नाही की तू काय केलंस आणि बाकीच्यांनी काय. मग तो विचारतो, "व्हॉट वॉज युअर रोल?" आणि तू गोंधळतेस. मी-मी करणं आपल्याकडे बरं दिसत नाही, पण तिथे ती नुसती माहिती आहे. सगळ्यांनी मिळून केलं असेल तर तसं सांग आणि लगेच तुझा वाटा सांग : "अवर टीम क्लोज्ड द बुक्स. आय हँडल्ड द व्हेंडर लेजर्स."

व्याकरणातल्या चारच गोष्टी मुलाखतीपर्यंतच्या या बारा दिवसांत सुधार. "दो साल से काम कर रही हूँ" याचं "आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स" होतं, ते चूक. "आय हॅव वर्क्ड हिअर फॉर टू इयर्स." सिन्स वापरायचा तर सुरुवात कधी झाली ते हवं : सिन्स जुलै 2023. दुसरं, "किया था"मुळे जिथे तिथे "हॅड" येतो : "आय हॅड कम्प्लीटेड बी.कॉम." इथे नुसतं "आय कम्प्लीटेड" पुरतं. हॅड फक्त तेव्हा, जेव्हा मागच्या दोन गोष्टींतली आधीची कुठली ते सांगायचं असतं. तिसरं, "आय ॲम हॅविंग एक्सपिरियन्स" नको, "आय हॅव". चौथं, "मायसेल्फ मैथिली" आणि "आय पास्ड आउट इन 2023" ही दोन्ही वाक्यं टाकून दे. भारताबाहेरच्या माणसाला पास्ड आउट म्हणजे बेशुद्ध पडली असं ऐकू येतं. "आय ॲम मैथिली", "आय ग्रॅज्युएटेड इन 2023." अ, ॲन, द यांच्या मागे मात्र आत्ता लागू नकोस. ते सुटले तरी अर्थ पोचतो, आणि बोलता बोलता त्यांचा विचार करायला गेलीस तर पूर्ण वाक्य हातून जाईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझं लेखाशास्त्र हिंदीत झालं. तलपट, ह्रास, रोजनामचा, ख्याति, देनदार, लेनदार. घरी आजोबांच्या तोंडून तेरीज आणि घसारा ऐकलास. पॅनेलवर ट्रायल बॅलन्स, डिप्रिसिएशन, जर्नल, गुडविल, डेटर, क्रेडिटर असे शब्द येतील, आणि ते ऐकल्यावर तुला क्षणभर हिंदीत जाऊन परत यावं लागेल. तो क्षण वाचवायचा. वहीत चाळीस शब्द लिही, डावीकडे हिंदी, उजवीकडे इंग्रजी. मग डावी बाजू झाकून प्रत्येक इंग्रजी शब्दावर दोन वाक्यं बोल : तो काय, आणि त्याची नोंद कशी होते. देनदार आणि लेनदार यांत सर्वांत जास्त जपायचं. ज्याच्याकडून आपल्याला यायचंय तो देनदार, डेटर. ज्याला आपण द्यायचंय तो लेनदार, क्रेडिटर, आणि अकाउंट्स पेएबल म्हणजे सगळा कारभार यांच्याशीच. घाईत हे दोन उलटे बोललीस तर ती भाषेची चूक म्हणून कोणी सोडून देणार नाही, हिला अकाउंट्स येत नाही असं धरतील. डेटरमधला बी आणि रिसीटमधला पी उच्चारायचा नसतो, तेही लक्षात असू दे.

एक उत्तर जवळून पाहू, कारण ते तुझ्या रोजच्या कामातलं आहे. टू-बी, म्हणजे व्हेंडरांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, खरेदीशी जुळवण्याचं काम तू दर महिन्याला करतेस. जीएसटीआर-वन हे व्हेंडरचं विक्रीचं विवरण, थ्री-बी आपलं महिन्याचं, आणि क्रेडिट म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट. विचारलं तर असं सांग :

"आय डाउनलोड टू-बी ऑन द फोर्टीन्थ. आय मॅच इट विथ द पर्चेस रजिस्टर. आय मेक अ लिस्ट ऑफ मिसिंग बिल्स. आय कॉल द व्हेंडर्स अँड आस्क देम टू रिपोर्ट द बिल्स इन जीएसटीआर-वन. वी क्लेम ओन्ली द क्रेडिट दॅट शोज इन टू-बी. वी फाइल थ्री-बी बाय द ट्वेन्टिएथ."

सहा वाक्यं, सगळी साध्या वर्तमानकाळात. नेहमीचं काम सांगताना "आय ॲम डाउनलोडिंग" म्हणायचं नाही, त्याचा अर्थ आत्ता या क्षणी डाउनलोड करतेय असा होतो. या सहा वाक्यांना तुझा स्वतःचा आकडा जोड : किती पक्षकारांचं करतेस, सरासरी किती बिलं सुटलेली सापडतात. आकडा खरा हवा. पुढचा प्रश्न त्यावरच येणार, आणि रचलेला आकडा दुसऱ्या भाषेत सांभाळणं फार कठीण जातं.

सीएच्या ऑफिसात तुझ्या हाताखालून फारसं न गेलेलं, पण इथे हमखास विचारतील असं एक आहे : थ्री-वे मॅच. पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन, आणि इनव्हॉइस, तिन्ही जुळले की मगच पैसे. लगेच पुढे विचारतील, ऑर्डर 100 नगांची, जीआरएन 90 ची, इनव्हॉइस 100 चं, तर काय करशील? "आय होल्ड द इनव्हॉइस. आय चेक विथ द स्टोअर्स. इफ टेन पीसेस आर शॉर्ट, आय आस्क द व्हेंडर फॉर अ क्रेडिट नोट. देन वी पे फॉर नाइन्टी." क्रेडिट नोट म्हणजे बिलातली तेवढी रक्कम कमी केल्याचा व्हेंडरचा कागद. हे उत्तर तोंडात बसेपर्यंत म्हण.

"टेल मी अबाउट युअरसेल्फ" याला सव्वा मिनिटाहून जास्त देऊ नकोस. आरामात बोललं तर मिनिटाला सुमारे 130 शब्द होतात, म्हणजे दीडशेच्या आसपास. हिंदीतल्या परिचयासारखं नाव, वडिलांचं नाव, गाव, भावंडं अशी सुरुवात नको. आत्ताचं काम, त्यात रोज काय करतेस, एक नीट निभावलेली गोष्ट, शिक्षण एका वाक्यात, आणि ही जागा का हवी. पाठ मात्र करू नकोस. पाठ केलेल्यात एक शब्द विसरला की पुढचं सगळं जातं, आणि आवाज कविता म्हटल्यासारखा होतो. कार्डावर पाच शब्द लिही आणि रोज वेगळ्या वाक्यांत बोल.

उच्चार बदलायच्या नादी लागू नकोस. आपलं वळण आपलं असू दे, फक्त ऐकणाऱ्याला जिथे अडखळायला होतं तेवढं नीट कर. व्हेंडर, इनव्हॉइस, व्हाउचर हे शब्द तुझ्या कामात दर दोन वाक्यांनी येणार, तिथे वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत. वीक आणि वेअरहाउसला ओठ गोल, दात ओठापासून दूर. स्टेटमेंट, स्टॉक, स्टोअरच्या आधी "इ" लावायची नाही. स लांबवून सुरू कर, स्स्स्टेटमेंट, आणि दोन-तीन दिवसांनी लांबी कमी कर. बिझनेस, रीझन, झीरोमध्ये हिंदीतला "जल"चा ज येतो, तो नको. घरच्या मराठीतल्या "जमीन"चा ज तुला येतोच, तोच जीभ वर न टेकवता लांबव, मधमाशी गुणगुणते तसा. आणि चेक्ड, मॅच्ड, बुक्ड यांना "चेकेड" म्हणू नकोस. तिथे नुसता ट ऐकू येतो : चेक्ट, मॅच्ट. मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा डचा उच्चार असेल तरच "एड" : पोस्टेड, क्रेडिटेड.

आकड्यांचा सराव वेगळा कर. आपल्या तोंडात सवा, डेढ़, ढाई, साढ़े तीन बसलेत आणि इंग्रजीत त्यांना सरळ शब्द नाहीत. ढाई लाख म्हणजे टू पॉइंट फाइव्ह लॅक्स. पॅनेलवर परदेशातलं कोणी असेल तर लाख त्याला कळणार नाही : दहा लाख म्हणजे वन मिलियन, एक कोटी म्हणजे टेन मिलियन. पगाराची अपेक्षा विचारली तर आकडा सांग आणि थांब, त्यामागची कारणं विचारल्याशिवाय देऊ नकोस.

हिंदीत आदर क्रियापदातच असतो. "दोहराइए" म्हटलं की झालं. इंग्रजीत नुसतं "रिपीट इट" म्हटलंस तर हुकूम सोडल्यासारखं वाटतं. "सॉरी, कुड यू रिपीट दॅट, प्लीज?" हे वाक्य न विचार करता यायला हवं. वेळ हवा असेल तर "लेट मी थिंक फॉर अ मोमेंट" म्हण आणि खरंच तीन-चार सेकंद गप्प बस. ती शांतता कोणाला खटकत नाही. खटकतं ते "ॲक्च्युअली, बेसिकली, मतलब". आणि माहीत नसेल तर "आय हॅवन्ट वर्क्ड ऑन दॅट येट. आय हॅव यूज्ड टॅली." अंदाज बांधून उत्तर देऊ नकोस. दर वाक्याला "सर" किंवा "मॅडम" नको, सुरुवातीला आणि निघताना पुरे.

"मी हिंदीत बोलू का" असंही विचारू नकोस. यूपीएससीच्या मुलाखतीत भारतीय भाषेची मुभा असते, पण या जागेवर परदेशातल्या लोकांशी मेल आणि कॉल इंग्रजीतच करायचे आहेत, म्हणजे इंग्रजी हा कामाचाच भाग आहे. पुण्याचं पॅनेल आहे, पाणी देताना, बसवताना कोणी मराठीत बोलेल, मोकळेपणाने मराठीत बोल. प्रश्न इंग्रजीत आला की उत्तरही इंग्रजीत.

पहिली फेरी व्हिडिओवर आहे म्हणालीस. लॅपटॉपखाली चार पुस्तकं ठेव म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत येईल, आणि होकार द्यायला मान डोलवू नकोस. आपल्या मान डोलावण्याचा अर्थ हो की नाही हे परक्या माणसाला कळत नाही. तोंडाने "येस" म्हण.

रोज चाळीस मिनिटं काढ. दहा मिनिटं ती वीस वाक्यं, दहा मिनिटं वहीतले शब्द. उरलेल्या वीस मिनिटांत एकच प्रश्न घे आणि दोन मिनिटांचं उत्तर फोनवर रेकॉर्ड कर. एकदा ऐक. ऐकताना कागदावर फक्त तीन रकाने ठेव : वाक्य कुठे लटकलं, "वी" कुठे आलं, "ॲक्च्युअली"सारखे भरतीचे शब्द किती आले. मग तेच उत्तर पुन्हा, आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी फरक तुझा तुलाच ऐकू येईल. स्वतःचा आवाज ऐकायला पहिले दोन दिवस नको वाटेल, तरी हे सोडू नकोस, कारण बोलताना वाक्य कुठे लटकतं ते लक्षात येत नाही, ऐकतानाच येतं. खोलीतल्या मैत्रिणीला जेवणानंतर पंधरा मिनिटं प्रश्न विचारायला लाव, आणि मध्येच तोडायला सांग, कारण पॅनेल तोडतंच. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी सहानंतर काही करू नकोस, जेव आणि झोप.

रविवारी टू-बीच्या उत्तराचं रेकॉर्डिंग मला पाठव, पहिलं आणि तिसरं, दोन्ही. मंगळवारी रात्री नऊला मी फोन करीन आणि पाऊण तास फक्त इंग्रजीत बोलेन. मध्ये तू हिंदीत किंवा मराठीत वळलीस तर मी टोकणार नाही, तोच प्रश्न पुन्हा इंग्रजीत विचारीन. बाबांनी चिवड्याचा डबा मावशीबरोबर पाठवलाय, तो शनिवारी पोचेल.

तुझी,
आई